शिडाची होडी आणि आमचें शरीर

शिडाच्या होडींतून हौसेखातर समुद्रावर फिरावयास जाणें म्हणजे वाऱ्यानें काम करावें व आपण मजेंत बसून राहावें, अशी किनाऱ्यावरून पाहणाराची समजूत असते. ती स्वाभाविकच आहे. बंदराच्या कठड्याशीं उभें राहून पाहिलें म्हणजे पांढरें शीड संथपणें इकडून तिकडे सरकतांना दिसतें. आंतला मनुष्य जागचा हालतांना देखील दिसत नाहीं. वल्हविणाराच्या पाठीवरचा घाम दिसतो, पोहणाराचे हात पाणी कापतांना दिसतात. शीड हांकणारा मात्र नुसता बसलेला दिसतो. त्यामुळें ह्या खेळासाठीं शरीर तयार करावें लागतें असें कोणास सांगितलें तर तो हंसतो. एके काळीं आम्हीही हंसत होतों. तें हंसूं कोठें बुडालें हें पुढें येईलच. आधीं ह्या बसण्याचा अर्थ काय तो पाहूं.

जगभर जिच्या शर्यती होतात, जिला पूर्वीं लेझर म्हणत व आतां इल्का म्हणतात, ती एकट्यानें हांकावयाची लहान होडी उदाहरणादाखल घेऊं. तिची लांबी सुमारें ४.२ मीटर, मोकळ्या होडीचें वजन सुमारें ५९ किलो आणि तिच्या मोठ्या शिडाचें क्षेत्रफळ सुमारें ७ चौरस मीटर. म्हणजे होडी तिच्या चालकापेक्षां हलकी, आणि शीड मात्र एखाद्या लहानशा खोलीच्या जमिनीएवढें! वारा शिडावर भरला कीं होडी कलूं लागते. मोठ्या शर्यतीच्या नौकांना तळाशीं शिशाचें किंवा लोखंडाचें जड वजन बसविलेलें असतें, तें त्यांस सांवरून धरतें. लहान होडीस तसें कांहीं नसतें. तिच्या तराजूंतलें वजन म्हणजे चालकाचें स्वतःचें अंग. तो वाऱ्याच्या बाजूच्या कांठावर बसतो, होडीच्या तळांत ताणून बांधलेल्या पट्ट्याखालीं पावलें अडकवितो, आणि मांड्यांच्या मागच्या भागावर भार घेऊन वरचें सारें अंग कांठाबाहेर पाण्यावर झोकून देतो. पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण तरफेचा नियम शिकतों. वजन टेंकूपासून जितकें दूर, तितका त्याचा प्रभाव अधिक. येथें वजन तेंच, परंतु तें वीतभर आणखी बाहेर नेणें न नेणें हें मांडीच्या व पोटाच्या स्नायूंच्या हातीं असतें.

ह्यांत आणखी एक मेख आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे शिडावरचा त्याचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं १५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांत जो मनुष्य गप्पा मारीत बसलेला असतो, त्यालाच ताशीं ३० किलोमीटरच्या वाऱ्यांत दांतओंठ खाऊन होडी धरावी लागते. सकाळीं जें सोपें वाटलें तें दुपारींही सोपेंच राहील, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आतां हें जें निश्चल बसणें, तें शरीरास इतकें कां थकवितें? धांवतांना किंवा बैठका काढतांना स्नायु आळीपाळीनें आवळतात व सैल पडतात. सैल पडला कीं रक्त आंत शिरतें, आवळला कीं बाहेर ढकललें जातें; म्हणजे स्नायु स्वतःच एक प्रकारचा पंप होतो. परंतु स्नायु एकदां आवळून तसाच धरून ठेवला, तर आंतल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात; प्राणवायु पुरेसा पोहोंचत नाहीं आणि श्रमापासून उत्पन्न होणारीं द्रव्यें तेथेंच सांचतात. मग जळजळ सुरू होते, थरकांप होतो. इकडे हृदय त्या चेपलेल्या वाटेनें रक्त ढकलावयास धडपडतें, त्यामुळें नाडी व रक्तदाब दोन्हीं चढतात. भरलेली बादली घेऊन विहिरीपासून घरापर्यंत चालणें कठीण नाहीं. तीच बादली हात सरळ लांब करून दोन मिनिटें एका जागीं धरून दाखवा!

ज्यास ह्याचा अनुभव घ्यावयाचा असेल त्यानें हा परिच्छेद वाचून झाल्यावर भिंतीस पाठ लावून, खुर्चीवर बसल्याप्रमाणें गुडघे काटकोनांत वांकवून, खुर्चीशिवाय बसावें व घड्याळाकडे पाहावें. पहिल्या अर्ध्या मिनिटांत आमच्याविषयीं आदर वाटणार नाहीं. दुसऱ्या मिनिटांत थोडा वाटूं लागेल. समुद्रावर हीच अवस्था, मधून मधून विसावा घेत कां होईना, तासचे तास चालते, आणि त्याच वेळीं एका हातांत सुकाणूचा दांडा व दुसऱ्या हातांत ओल्या शिडाची दोरी असते.

परंतु होडींत बसणें हा ह्या विषयाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा आम्ही पाण्यांत शिकलों.

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. फेब्रुवारी महिना होता. मुंबईच्या बंदरांत आम्ही व आमचे एक मित्र दोघांना पुरेशी अशी एक उघडी होडी घेऊन अपोलो बंदराकडून घारापुरीच्या रोखानें निघालों होतों. दुपारीं दोनच्या पुढें खारा वारा चढूं लागला. मुंबईच्या बंदरांत हा वारा शहर ओलांडून येतो. उंच इमारतींच्या फटींतून येतांना त्याचे लोट बनतात, आणि एक लोट व दुसरा लोट ह्यांच्या मध्यें फसवी शांतता असते. वारा आमच्या पाठीशीं होता. दिशा किंचित् बदलावी म्हणून आम्हीं सुकाणूं वळविलें, त्याच क्षणीं एक लोट आला. शिडाच्या खालच्या कडेस जी आडवी काठी असते ती धाडकन् एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेली. आमचीं अंगें चुकीच्या बाजूस राहिलीं आणि होडी पालथी झाली. दोघांच्याही अंगांत लाइफ-जॅकेटें होतीं, म्हणूनच हा लेख लिहितां येत आहे.

पालथी होडी सरळ करण्याची रीत आम्हांस ठाऊक होती. होडीच्या तळांतून पाण्यांत सोडलेली जी फळी असते, ती होडी उलटल्यावर बाहेर येते. तीवर उभें राहून कांठ धरून मागें रेललें कीं होडी हळूं हळूं उठते. दुसऱ्या खेपेस ती उठली. येथपर्यंत आमचें चित्त अगदीं शांत होतें, किंबहुना थोडी मौजच वाटत होती. मग आम्हीं कांठ धरला व आंत चढण्यासाठीं जोर केला. छाती कांठापर्यंत आली, पाय होडीच्या पोटाखालीं ओढले गेले, आणि आम्ही पाठीवर पाण्यांत पडलों. पुन्हां जोर केला, पुन्हां तेंच. तिसऱ्या वेळेस छाती कांठापर्यंतही आली नाहीं. चौथ्या वेळेस हात नुसते थरथरले आणि उजव्या पोटरींत गोळा आला.

ओहोटी लागली होती. मुंबईच्या बंदराचें तोंड दक्षिणेस आहे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येथें भरती-ओहोटींतील अंतर चार मीटरांहूनही अधिक असतें. तेवढें पाणी बाहेर पडतांना आपल्याबरोबर सर्व कांहीं नेतें. आम्ही धरून राहिलेली होडी आमच्यासह उघड्या समुद्राच्या दिशेनें चालली होती. भय वाटलें कीं काय असें कोणी विचारील. खरें सांगावयाचें तर आधीं लाज वाटली व भय मागाहून आलें.

तेवढ्यांत आमचे मित्र दुसऱ्या बाजूनें सरसर आंत चढले, त्यांनीं आमच्या जॅकेटाचे खांद्यावरचे पट्टे धरले, आणि भिजलेली गोणी ओढावी तसें आम्हांस आंत ओढून घेतलें. ह्या सर्व प्रकारांत वीस-पंचवीस मिनिटें गेलीं असतील. दुखापत कोणास झाली नाहीं. आमचे हे मित्र आमच्यापेक्षां सात वर्षांनीं मोठे आहेत, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. वजनही त्यांचें आमच्याहून फारसें कमी नाहीं. फरक इतकाच कीं लहानपणीं तालमींत जाऊन जडलेली जोर काढण्याची संवय त्यांनीं सोडलेली नाहीं. आम्ही रोज सकाळीं पांच किलोमीटर नेमानें फिरत होतों आणि त्या फिरण्यावर आमचा मोठा भरंवसा होता.

फिरण्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. त्यानें हृदय व श्वास सुधारतात, आणि ते दोन्ही येथेंही लागतात. पण फिरणें खांद्यांस व हातांस कांहीं विचारीत नाहीं. पाण्यांत मनुष्याचें शरीर जवळ जवळ वजनरहित असतें. तें पाण्याबाहेर निघूं लागलें कीं इंचाइंचानें त्याचें वजन परत येतें, वर भिजलेल्या कपड्यांतलें पाणी, आणि फुगीर जॅकेट नेमकें कांठाशीं अडतें. त्यांतच पाणी अंगांतली उष्णता ओढून घेत असतें. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारें २४ पट आहे. मुंबईच्या समुद्राचें पाणी कोमट वाटलें तरी तें शरीराच्या ३७ अंशांहून थंडच, म्हणून पाण्यांत जितका वेळ अधिक जातो तितके स्नायु मंदावतात. सारांश, चढण्याचा पहिला प्रयत्न हाच सर्वांत बळकट असतो. पुढचा प्रत्येक प्रयत्न आधींच्याहून दुबळा.

ह्यांत बळाइतकीच युक्तीही आहे, ती आम्हांस मागाहून कळली. पाय खालीं लोंबकळत ठेवून वर चढूं पाहणें हेंच चुकीचें. कांठ धरून आधीं पाय मागें पाण्याच्या पृष्ठाशीं आणावे, पोहतांना मारतों तसे ते जोरानें मारावे, आणि त्याच झटक्यांत हातांनीं कांठ खालीं दाबून पोटावर, मासा होडींत घसरावा तसें, आंत घसरावें. पुष्कळ होड्यांत मागची बाजू खालीं असते, तिकडून चढणें अधिक सोपें. शक्य असेल तेथें दोरीचा एक फांस पायरीसारखा कांठाला बांधून ठेवावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आतां तयारीविषयीं. पश्चिम किनाऱ्यावर हौशी शीडवाल्यांच्या होड्या पावसाळ्यांत बाहेर ओढून ठेवतात; साधारणतः ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत त्यांचा हंगाम. मुंबईंत तर ह्या छंदास फार दिवस झाले, १८४६ सालापासून तेथें यॉट क्लब आहे. पावसाळ्याच्या ह्या चार महिन्यांत होडीचें कोण कौतुक होतें! तळ घांसतात, रंग देतात, जुन्या दोऱ्या काढून नव्या ओंवतात, शिडाचे उसवलेले टांके भरतात. होडींत जें बसावयाचें तें शरीर मात्र चार महिने भजीं खात खिडकींतून पाऊस पाहतें, आणि ऑक्टोबरांत पहिल्याच रविवारीं त्याला सर्व भार उचलावयास सांगितलें जातें. आमच्याकडे हेंच होत होतें. म्हणून होडी ज्या दिवशीं बाहेर ओढतात त्याच दिवसापासून शरीराची डागडुजी सुरू करावी, असा आम्हीं आतां नियम केला आहे.

पहिलें काम मांड्यांचें. वर सांगितलेलें भिंतीशीं बसणें हेंच ह्यास उत्तम. आरंभीं तीस सेकंद, मग तेवढाच विसावा, असें चार वेळां. दर आठवड्यास थोडें थोडें वाढवीत दोन मिनिटांपर्यंत जावें. श्वास कोंडूं नये, मोजतां मोजतां सोडीत राहावें; ज्यांस रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनीं असले आवळून धरण्याचे व्यायाम वैद्यांस विचारल्यावांचून करूं नयेत. ह्याच्या जोडीस बैठका. आमच्या जुन्या बैठकांत गुडघा पुरा वांकतो व पुरा सरळ होतो. एका जागीं आवळून आंखडलेल्या मांडीस त्यानें मोकळीक मिळते. दोन्हींपैकीं एकच करणाराचे गुडघे कुरकुर करूं लागतात, हें आम्हीं पाहिलें आहे.

दुसरें पाठीचें. लहान होड्या हांकणाऱ्यांच्या तक्रारींत कंबर व गुडघे ह्यांचा नंबर नेहमीं वर असतो. अंग बाहेर झोकून धरतांना पोटाचे स्नायु जर दमले तर सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. म्हणून कोंपरें व पायांचीं बोटें टेंकून अंग फळीसारखें ताठ धरावें, आणि पालथें पडून छाती व पाय उचलावे. एक पोटासाठीं, दुसरें पाठीसाठीं. सूर्यनमस्कारांत ह्यांतलें बरेंचसें आपोआप येतें, शिवाय खांदे व मांडीचा मागचा भाग लांबतो. ज्यास एकच व्यायाम करावयास वेळ आहे त्यानें आमच्या मतें सूर्यनमस्कारच घालावे.

तिसरें हातांचें. शीडकामांत हात सदा ओढतात, ढकलीत क्वचितच. त्यामुळें पाठीकडचे व दंडाच्या पुढचे स्नायु वाढतात आणि छातीकडचे व दंडाच्या मागचे मागें पडतात. होडींत चढतांना नेमके हेच मागें पडलेले लागतात! ह्यावर उपाय जोर. आमच्या मित्रांचें सर्व रहस्य तें एवढेंच. शाळेच्या व्यायामशाळेंत सिंगल बार असेल तर हनुवटी दांड्यावर येईपर्यंत अंग उचलावें, डबल बार असेल तर त्यावर अंग खालीं-वर करावें. आणि ज्यांच्या शाळेंत दोरीचा मल्लखांब आहे ते भाग्यवान्. लोंबत्या दोरीवर हात, पाय, पोट व तोल ह्यांस एकदमच काम पडतें, व त्यावर तयार झालेली मूठ शिडाच्या ओल्या दोरीस घाबरत नाहीं. दोरी नसेल त्यानें ओला जाड पंचा दोन्ही बाजूंनीं पिळावा. येथें एक सूचना अगदीं विसरूं नये: दोरी जड वाटूं लागली म्हणून ती तळहातास वेढे देऊन धरणें हा मोठा मूर्खपणा आहे. लोट आला कीं दोरी सुटत नाहीं, बोटें सांपडतात.

चौथें पोहणें, आणि तें तरणतलावांतल्या पोषाखांत नव्हे. महिन्यांतून एकदां तरी, कोणी जाणता मनुष्य जवळ असतां, सदरा-चड्डी घालून व वर लाइफ-जॅकेट चढवून पोहून पाहावें. पोहण्याची आपली नेहमींची ऐट त्यांत क्षणांत उतरते. पाण्यांतून कांठावर हातांच्या बळानें चढण्याचा सराव तलावाच्या कडेशींच होतो. पायऱ्या वापरूं नयेत, एवढेंच.

तोल राखण्याचा अभ्यासही असावा. दांत घांसतांना एका पायावर उभें राहावें. जमलें कीं डोळे मिटून. घरांतलीं माणसें हंसतात, त्यांस हंसूं द्यावें.

शरीर तयार झालें तरी त्यास इंधन हवें. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आमच्या विद्यार्थ्यांनीं पवित्र शास्त्राच्या तासाला वाचलेलाच असेल. पौल ज्या तारवांतून रोमेकडे जात होता त्यावर २७६ माणसें होतीं. तुफानांत चौदा दिवस गेले, काळजीनें कोणी अन्नास शिवलें नाहीं. पहांट होण्याच्या सुमारास पौलानें सर्वांस जेवण्याचा आग्रह केला, स्वतः भाकर घेऊन खाण्यास आरंभ केला, आणि मग सर्वांस धीर येऊन तेही जेवले. त्यानंतर दिवस उजाडल्यावर तारूं रुतून फुटलें. ज्यांस पोहतां येत होतें त्यांनीं आधीं उड्या टाकल्या, बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर तरले, आणि सर्वच्या सर्व मिलिता म्हणजे माल्टा बेटास लागले. धर्मदृष्टीनें ह्या अध्यायाचा अर्थ आमचे गुरुजन सांगतीलच. आम्हांस त्यांत एक अनुभवी दर्यावर्दी प्रवासी दिसतो, जो संकट समोर असतां प्रथम न्याहारी उरकून घेतो. समुद्रावर जाण्याच्या दोन-अडीच तास आधीं भाकरी-भाजी किंवा भात, आणि बरोबर केळीं व शेंगदाण्याची चिक्की, एवढें पुष्कळ झालें. रिकाम्या पोटीं मळमळ कमी होते ही समजूत खोटी आहे. उलट ती वाढते. ज्यांस बोट लागते त्यांनीं होडीच्या आंत खालीं न पाहतां क्षितिजाकडे पाहावें, व आल्याचा तुकडा चघळावा.

पाण्याविषयीं लोक फसतात. वारा घाम क्षणांत वाळवितो, त्यामुळें घाम येतच नाहीं असें वाटतें. तहान लागते तोंपर्यंत शरीर कोरडें पडूं लागलेलें असतें. डोकें दुखणें, पोटरींत गोळे येणें, उगाच चिडचिड होणें हीं त्याचीं लक्षणें. निघण्यापूर्वीं पेलाभर पाणी प्यावें, आणि होडींत लिंबू, मीठ व साखर घातलेलें पाणी बांधून ठेवावें; बांधून अशासाठीं कीं होडी उलटली तर तें आपल्याबरोबर राहावें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढे बाहेर टाकावयास मूत्रपिंडांस प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्च करावें लागतें, म्हणून तें पिऊन तहान वाढतेच. ऊन तर दोनदां लागतें, एकदां वरून व एकदां पाण्यावरून उसळून. लांब बाह्यांचा सदरा आणि हनुवटीखालीं दोरी बांधलेली टोपी. ह्याहून अधिक लिहिण्याची गरज नाहीं.

येथवर सर्व आमच्यासारख्या रविवारच्या शीडवाल्यांचें झालें. जे महिनोन्महिने समुद्रावर राहतात त्यांच्याकडे पाहिलें म्हणजे शरीर हें होडीच्या डोलकाठीइतकेंच महत्त्वाचें अंग आहे हें कळतें. गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ ह्या १७ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेंतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ह्यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें, वाटेंत चार ठिकाणीं थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजीं मुंबईहून निघाले व कोठेंही न थांबतां ३१ मार्च २०१३ रोजीं परत आले. २०१७-१८ सालीं नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनीं ‘तारिणी’ नौकेंतून तीच प्रदक्षिणा केली. ह्या शाळेंतील विद्यार्थिनींनीं तें वर्ष ध्यानांत ठेवावें.

टॉमी ह्यांचा पुढचा इतिहास आमच्या विषयाशीं अधिक निगडित आहे. २०१८ सालीं ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतींत, २१ सप्टेंबर रोजीं, दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत त्यांची नौका उलथून डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीचा कणा दुखावला. उभें राहतां येईना. तीन दिवस ते नौकेंतच पडून राहिले; २४ तारखेस फ्रान्सच्या एका गस्ती जहाजानें त्यांस सोडविलें. पुढें शस्त्रक्रियेनें पाठींत टायटॅनियमच्या दांड्या घालाव्या लागल्या आणि चालावयास पुन्हां शिकावें लागलें. हेच गृहस्थ ४ सप्टेंबर २०२२ रोजीं त्याच शर्यतीस पुन्हां निघाले, आणि २३६ दिवसांनीं, २९ एप्रिल २०२३ रोजीं, दुसऱ्या क्रमांकानें फ्रान्सच्या किनाऱ्यास पोहोंचले. वर्तमानपत्रांनीं दोन्ही वेळचीं छायाचित्रें छापलीं. आमचें मन मात्र त्या मधल्या चार वर्षांतील सकाळींकडे जातें, ज्यांचीं छायाचित्रें नाहींत, जेव्हां पाठ हलवावयाची नाहीं असें शरीर सांगत असेल आणि तरी ती हलवावी लागली असेल.

आमच्या शाळकरी वाचकांपैकीं कित्येकांना शिडाच्या होडींत बसण्याची संधि कोठें मिळणार, असें वाटेल. एन्. सी. सी.च्या नाविक शाखेंत छात्रांस वल्हविणें व शीडकाम दोन्ही शिकवितात; जवळ पाणी आहे तेथें चौकशी करावी. प्रवेश मिळाल्यास मोठ्या मुलांच्या नादानें पहिल्याच दिवशीं जोराच्या वाऱ्यांत जाऊं नये. दमलेल्या शरीराबरोबर विचारही दमतो, आणि परत फिरावें कीं नाहीं हा प्रश्न नेहमीं दमल्यावरच उभा राहतो. त्यासाठीं आमच्या मित्रांनीं एक साधा नियम घालून दिला आहे: शिडाची दोरी दुसऱ्याच्या हातीं द्यावी असें प्रथम मनांत आलें कीं तोंड किनाऱ्याकडे वळवावयाचें, आणि शीड लहान करण्याची सोय असेल तर तें त्याच वेळीं लहान करावयाचें. होडींत आणखी अर्धा तास थांबण्याविषयीं वाद घालावयाचा नाहीं, घालावयाचा असल्यास धक्क्यावर चहा पितांना घालावा. पुष्कळदां असें होतें कीं किनाऱ्यास लागल्यावर वारा पडतो आणि आपण उगाच परतलों असें वाटतें. वाटूं द्यावें.

ह्या नियमाच्या जोडीस त्यांचा दुसरा एक नियम आहे, तो दरवर्षीं ऑक्टोबरांत, होड्या पाण्यांत सोडल्यावर पहिल्या दिवशीं पाळावा लागतो. शीड न लावतां होडी धक्क्याजवळच्या संथ पाण्यांत बांधतात. प्रत्येकानें कपडे व जॅकेट घालून पाण्यांत उतरावयाचें, पांच मिनिटें तरंगत राहावयाचें, आणि मग कोणाच्याही हाताचा आधार न घेतां आंत चढावयाचें. ज्यास चढतां येईल त्यानें त्या हंगामांत वाऱ्यांत जावें. ज्यास येणार नाहीं त्यानें धक्क्यावर बसून इतरांचे डबे सांभाळावे व महिन्यानें पुन्हां परीक्षा द्यावी. वयाची सबब चालत नाहीं, हुद्द्याची तर नाहींच नाहीं. पहिल्या वर्षीं आम्हीं एक महिना डबे सांभाळले. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं पहिल्याच प्रयत्नांत चढलों. गेल्या ऑक्टोबरांत मात्र आम्हांस दोन प्रयत्न लागले, आणि त्याच संध्याकाळपासून आम्हीं जोरांची संख्या वाढविली आहे.